लहान घर आणि बालगोपाळ

इतिहासलेखकाची दृष्टी स्वभावतःच मोठ्या वास्तूंकडे वळते. किल्ला, राजवाडा, देवालय, दरबार यांचे आकार, त्यांचा खर्च आणि त्यांत झालेले करारमदार यांची नोंद केली की आपले काम संपले, असे तो मानतो. ज्या दोन खणांच्या घरात बहुसंख्य माणसे जन्मली, रांगली आणि बोलू लागली, त्या घराचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाच्या मनात आलेले नाही. पाळण्याची दोरी कोणत्या आढ्याला बांधली होती, हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. तरीही हा विषय क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही. हल्ली वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांत तरुण जोडपी मुले वाढवीत आहेत, आणि एवढ्याशा जागेत मुलाचे बालपण कोंडले तर जात नाही ना, ही शंका त्यांच्या मनास सतत टोचत असते. या शंकेचे उत्तर वर्धा जिल्ह्याच्याच इतिहासात काही अंशी सापडते, असे आमचे मत आहे.

वर्धा हे जुने शहर नव्हे. 1862 साली नागपुरापासून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि 1866 साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नव्या शहराची आखणी झाली. लवकरच आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला, पुलगाव आणि हिंगणघाट येथे गिरण्या उभ्या राहिल्या. सरळ रस्ते, मोजून दिलेले भूखंड, रेल्वेच्या नोकरांची बिऱ्हाडे, कारकून-वकिलांची भाड्याची घरे असा या गावाचा संसार मुळापासूनच आटोपशीर होता. पेशवाईतील चौसोपी वाड्यांची परंपरा येथे शोधू जाऊ नये. शहरात काय आणि भोवतालच्या खेड्यांत काय, सामान्य माणसाचे घर म्हणजे मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी, आत एक माजघर आणि त्याच्या कोपऱ्यात चूल. नवरा-बायको, चार मुले, म्हातारी आई आणि प्रसंगी माहेरी आलेली बहीण, इतकी माणसे त्यात राहत.

इतकी माणसे राहत कशी, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. याचे साधे कारण असे की, ती घरात राहतच नसत. घरात ती निजत, जेवत आणि पावसापासून आसरा घेत. राहणे असे ते अंगणात. वैदर्भीय उन्हाळ्यात रात्री घराच्या आत निजणे ही शिक्षाच असल्यामुळे बाजा अंगणात निघत. एका बाजेवर तीन मुले आडवी झोपत आणि आजीची गोष्ट एका घराने सांगितली तरी चार घरांची मुले ती ऐकत. सकाळी त्याच जागी सडा पडे, दुपारी तेथे धान्य वाळे, संध्याकाळी तेथेच लगोऱ्या लागत. घराचे माप सांगताना हे अंगण कोणी मोजीत नसे. आपल्या पूर्वजांची घरे कागदावर दिसतात त्याहून पुष्कळ मोठी होती, ती या कारणाने.

या घरातील बाळाचे कौतुक आम्ही येथे सविस्तर सांगणार आहो, कारण जुन्या लोकांना मुलांचे लाड ठाऊक नव्हते असा एक गैरसमज शिकलेल्या लोकांत रूढ झाला आहे. आजीने पाय लांब पसरून त्यांवर तान्ह्याला आडवे घ्यावे, कोमट तेल चोळावे, ऊन पाण्याने न्हाऊ घालावे, मग धुरी देऊन घट्ट बांधून निजवावे, हा सोहळा रोज व्हावयाचा आणि शेजारणी तो पाहण्यास रोज यावयाच्या. जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधली की पाळण्याचे काम झाले. आई चुलीपुढे बसून भाकरी थापी आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून झोका देई. घर एकच असल्यामुळे मूल आईच्या दृष्टीआड होत नसे. त्याने पहिला शब्द उच्चारला तर तो सर्वांच्या कानी एकदमच पडे. लपंडावाला घरात दोनच जागा, दारामागची आणि उतरंडीमागची. तीन वर्षांचे पोर रोज त्याच जागी लपे आणि रोज घरातील वडीलधारी माणसे त्याला सगळीकडे शोधीत, आणि ते सापडले नाही म्हणून हवालदिल होत. मोठ्या हवेलीत हा खेळ खरोखरीचा खेळावा लागतो. लहान घरात तो सर्वांनी मिळून खेळावयाचा असतो.

परंतु एवढेच सांगून थांबणे हे सत्याशी द्रोह केल्यासारखे होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर शंभर बालकांपैकी वीस किंवा त्याहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत. बाळंतिणीची खोली बहुधा घरातील सर्वांत काळोखी. तीत शेगडीचा धूर कोंडलेला आणि वारा लागू नये म्हणून खिडकी बुजविलेली. 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांची जी दैना झाली, तीत एका खोलीत निजणारी कुटुंबेच्या कुटुंबे आजारी पडली. गालावरची काजळाची तीट, गळ्यातील वाघनख, दृष्ट काढण्याचे मीठ-मोहऱ्यांचे विधी या सर्वांकडे आम्ही हसून पाहत नाही. आनंद हिरावला जाण्याची भीती ज्या घरात दाराशीच उभी असे, त्या घरातील आनंदाचीच ती चिन्हे होती.

अशा एका खेड्यात, वर्धा शहरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या शेगावात, 1936 सालच्या उन्हाळ्यात गांधीजी राहावयास आले. वऱ्हाडातील शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागल्यामुळे या गावाचे नाव पुढे 1940 साली सेवाग्राम झाले, हे वाचकांस विदित असेलच. त्यांच्यासाठी जे पहिले घर बांधले गेले त्याला आज आदिनिवास म्हणतात. स्थानिक माती, बांबू आणि कवेलू वापरावीत आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशी गांधीजींची अट होती. या एकाच दालनात गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल आणि येणारेजाणारे पाहुणे राहत. खान अब्दुल गफारखान तेथे राहिले, संत तुकडोजी महाराजही राहिले. या गर्दीत कस्तुरबांना स्वतःचा म्हणून आडोसा नव्हता. पुढे जमनालालजी बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधविली. थोर पुरुषांच्या साधेपणाचे ओझे घरातील बायकांच्या खांद्यावर किती पडते, याचा हा एक दाखला आहे, आणि चरित्रकारांनी त्यावर थोडे अधिक थांबावयास हवे होते.

या आश्रमात मुलेही होती. रामदास गांधींचा मुलगा कनू काही काळ आजी-आजोबांपाशी होता. 1937 साली जुहूच्या वाळूवर आजोबांच्या काठीचे पुढचे टोक धरून त्यांना ओढीत नेणारा जो बालक छायाचित्रात दिसतो, तो हाच. ज्यांच्या भेटीसाठी पुढारी वर्ध्याच्या स्टेशनावर उतरून टांग्याने धूळ खात येत, त्यांना एक नातू काठीने ओढून नेतो, हे दृश्य अनेक ठरावांहून अधिक काळ लोकांच्या स्मरणात राहिले. बापूकुटी पाहावयास जाणाऱ्यांनी तेथील एक गोष्ट मुद्दाम पाहावी. तेथे सर्व काही जमिनीलगत आहे. बसावयाची चटई, लिहिण्याची चौकी, हाताशी ठेवावयाच्या वस्तू, सगळे रांगत्या मुलाच्या उंचीवर. भिंतींवर मीराबेननी मातीत उठविलेली ताडाची झाडे आणि चरखा आहेत. हे घर मुलांसाठी योजिलेले नव्हते. परंतु ज्या घरात खुर्ची-मेज नाही त्या घरात मोठी माणसे आपोआपच मुलांच्या पातळीवर येऊन बसतात. बालशिक्षणशास्त्राचे अर्धे काम एवढ्यानेच होते.

येथे वाचकांस क्षणभर वर्ध्याहून रोमला नेणे भाग आहे, कारण लहान घरातील मुलांचा प्रश्न तेथेच प्रथम शास्त्राच्या हाती आला. रोमच्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत कामकऱ्यांसाठी मोठमोठ्या इमारती दुरुस्त करून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर. मागे राहिलेली मुले जिन्यांत धिंगाणा घालीत आणि नव्या भिंती खराब करीत. मालकांनी इमारतीतच एक खोली मुलांना देऊन त्यांना सांभाळण्याचे काम मारिया माँटेसोरी नावाच्या डॉक्टरीणबाईंना सोपविले. 6 जानेवारी 1907 रोजी ते पहिले बालगृह उघडले. ज्या पद्धतीचा पुढे श्रीमंतांच्या शाळांनी इतका डौल मिरविला, ती भिंती वाचविण्याच्या खटपटीतून, भाडेकरूंच्या इमारतीतील एका खोलीत जन्मली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे 1920 साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर काढले. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे 1945 साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या, तेव्हा त्यांच्या साहाय्यास अनुताई वाघ आल्या. बालवाडी काढली, परंतु दलित वस्तीतील मुले तीत येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि तिला नाव पडले अंगणवाडी. भारत सरकारने 1975 साली बालविकासाची देशव्यापी योजना आखली तेव्हा तिच्या केंद्रांना हाच शब्द दिला. लहान घराला अंगणाची जोड हवी, हे जे आमच्या आज्यांना न शिकता ठाऊक होते, त्याला या एका शब्दाने शास्त्राची मान्यता दिली.

याच सुमारास सेवाग्रामातही विचार त्याच दिशेने चालला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली, ती 7 ते 14 वर्षांच्या मुलांपुरती होती. सातव्या वर्षापूर्वीचे मूल तिच्या हिशेबातच नव्हते. 1942 ते 1944 या काळातील तुरुंगवासात, जेथे कस्तुरबांचे निधन झाले, गांधीजींनी या प्रश्नाचा फेरविचार केला आणि बाहेर आल्यावर शिक्षण जन्मापासूनच सुरू होते असे प्रतिपादन केले. जानेवारी 1945 मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेनंतर हिंदुस्थानी तालीमी संघात आशादेवी आणि आर्यनायकम् यांच्या नेतृत्वाखाली या पूर्व-बुनियादी शिक्षणाला आकार आला. त्याचे प्रत्यक्ष काम शांताबाई नारुळकर यांनी हाती घेतले. महागडी साधने नाहीत. गावातील माती, बिया, सूप, केरसुणी, लहान घागर यांतूनच मुलांचे खेळ आणि कामे निघत. आंघोळ, नखे कापणे, पाणी भरणे, झाडांना पाणी घालणे, एका पंगतीत बसून जेवणे, हाच अभ्यासक्रम. मुलाबरोबर आईलाही शिकवावे लागेल, म्हणून शिक्षिका घरोघर जात. त्याच काळात कस्तुरबांच्या स्मरणार्थ सेवाग्रामात स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी लहानसा दवाखाना निघाला. आज तेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे.

या सर्व खटपटीचे मर्म आम्हांस असे दिसते की, घर लहान असणे हा मुलाचा तोटा आहे असे यांपैकी कोणीच मानले नाही. धूर, घाण, अन्नाची उणीव आणि आईची अगतिकता यांना त्यांनी शत्रू मानले. जागेच्या मापाला नव्हे. केर काढणाऱ्या आईच्या मागे लहान केरसुणी घेऊन फिरणारी पोर हीच त्यांच्या मते विद्यार्थिनी, आणि ती लहान घरातच सर्वांत चांगली शिकते, कारण तेथे घरातील प्रत्येक काम तिच्या डोळ्यांपुढे चालते.

आजच्या सदनिकेत यांतील कितीतरी गोष्टी जशाच्या तशा आहेत. आढे नाही म्हणून छताच्या कडीला झोळी टांगतात. कणकेचा गोळा मागून त्याचा पक्षी करणारे मूल स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आजही बसलेले असते. तीनचाकी सायकल बैठकीच्या खोलीतून निजावयाच्या खोलीत आणि तेथून परत अशी दिवसातून शंभर खेपा घालते. पडद्यामागून दोन पाय स्पष्ट दिसत असताना बाप कपाटात, पलंगाखाली आणि डब्यातसुद्धा मुलाला शोधतो. ही सुखे आमच्या आजोबांच्या सुखांहून कोणत्याही प्रकारे कमी नाहीत, आणि त्यांच्यापेक्षा निर्धास्त आहेत; देवीची साथ गेली, लसी आल्या, खोलीत उजेड आला. हरवले आहे ते अंगण. चार कुटुंबांनी एका जिन्यावर राहून एकमेकांच्या मुलांची नावे ठाऊक नसणे, ही गोष्ट आमच्या मते जागेच्या टंचाईची नसून दार लावून घेण्याच्या सवयीची आहे. इमारतीची गच्ची सर्वांची असून तिला कुलूप असते, आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसते.

परंतु विदर्भातील मुलांचे काही सण या सवयीला दाद देत नाहीत. भाद्रपदापासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली घरोघर जातात आणि डब्यातील खाऊ ओळखावयास लावतात; हा खेळ एकाच्या घरी होऊच शकत नाही. तान्हा पोळ्याचेही तसेच. श्रावणी अमावास्येला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांचे लाकडी बैल. नागपूरच्या भोसले राजांनी, मुलांना बैलाचे मोल कळावे म्हणून, ही चाल पाडली असे परंपरा सांगते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा सर्वांत नामांकित. तेथील काही लाकडी नंदी इतके प्रचंड असतात की ते मुलांनी ओढावयाचे नसून मोठ्यांनी मिळून ओढावयाचे असतात. साधा बैल मात्र वीतभर उंचीचा, चार चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. तो वर्षभर सदनिकेतील पलंगाखाली जोड्यांच्या शेजारी पडून असतो. त्या दिवशी तो बाहेर निघतो, ओल्या फडक्याने पुसला जातो, त्याच्या गळ्यात माळ पडते. तिसऱ्या मजल्यावरचे पोर त्याला दोरीने जिन्यावरून खाली आणते आणि प्रत्येक पायरीवर चाके खडखडतात. त्या आवाजाने दुसऱ्या मजल्याचे दार उघडते, मग पहिल्याचे. खाली गाड्या उभ्या करण्याच्या जागेतून दोन-चार वाहने बाजूला काढलेली असतात, दोरीला आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते, आणि कोणीतरी आजोबा खिशात सुटी नाणी घेऊन बोजारा वाटावयास उभे असतात.