देवभूमीचे मोजमाप : निवर्तनापासून गुंठ्यापर्यंत

देवस्थानाच्या जुन्या दप्तरातील दानपत्र उघडले की दात्याचे नाव, देवतेचे नाव आणि जमिनीच्या चतुःसीमा या तीन गोष्टी प्रथम नजरेत भरतात. परंतु त्या दानाचे मोल ज्यावर अवलंबून असते ते माप बहुधा एका शब्दात उरकलेले असते. मध्ययुगीन कर्नाटकातील शिलालेख अग्रहाराच्या कारभाऱ्यांना 'महाजन' म्हणतात. दान राजा देई, पण ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्याचे दायित्व या महाजनांवर असे. सांभाळणे म्हणजे मोजता येणे. म्हणून परिमिती, क्षेत्रफळ आणि घनफळ यांचे गणित हा पाठशाळेइतकाच देवालयाच्या कारभाराचाही विषय होता.

याचा प्राचीन दाखला बेळगावच्या परिसरातच सापडतो. खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. तेथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एकात राजा मृगेशवर्म्याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या पित्याच्या स्मरणार्थ जिनालय उभारून त्यास मातृसरितेपासून इंगिणीच्या संगमापर्यंतची ३३ निवर्तने भूमी दिल्याची नोंद आहे. ही भूमी 'राजमानाने', म्हणजे राजाने ठरविलेल्या मापाने, मोजलेली होती. हा एक शब्द वगळला तर ३३ हा आकडा पोकळ होतो. कारण निवर्तन हे माप सर्वकाळ सर्वत्र एकच नव्हते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निवर्तनाची बाजू ३० दंडांची आहे. दंड चार हातांचा धरला तर बाजू १२० हात आणि क्षेत्रफळ १४,४०० चौरस हात होते. ब्रह्मदेयासाठी मात्र त्याच ग्रंथात अधिक लांबीचा दंड सांगितला आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त दहा हातांचा एक वंश आणि वीस वंश बाजूचा चौरस म्हणजे एक निवर्तन, अशी व्याख्या आहे. तेथे बाजू २०० हात आणि क्षेत्रफळ ४०,००० चौरस हात येते. हात दीड फुटाचा मानला, तर लीलावतीच्या मापाने ३३ निवर्तने म्हणजे सुमारे ६८ एकर ७ गुंठे. चार हाती दंडाच्या निवर्तनाने मात्र केवळ २४ एकर २२ गुंठे. दान एकच, आकडाही एकच, आणि अंतर त्रेचाळीस एकरांहून अधिक!

या अंतराचे मर्म भूमितीत आहे. दोन्ही निवर्तनांच्या बाजूंचे प्रमाण ५ : ३ आहे, पण क्षेत्रफळांचे प्रमाण २५ : ९ होते. लांबीतील तफावत क्षेत्रात वर्गाने आणि घनफळात घनाने वाढते. हात २४ अंगुलांचा. मोजणीची काठी करताना प्रत्येक हातामागे एक अंगुल कमी धरले, तर लांबीत शेकडा चारची तूट येते. त्याच काठीने भूमी मोजून दिली तर शेकडा आठ भूमी जाते, आणि त्याच हाताने घडविलेल्या घनमापाने धान्य मोजले तर शेकडा बारा धान्य जाते. बोटभर आखूड काठी देवाच्या कोठारापर्यंत पोहोचते ती अशी.

काठी बिनचूक असली तरी केवळ बाजू मोजून भागत नाही. चारशे हात परिमितीचे शेत शंभर हातांचा चौरस असेल तर त्याचे क्षेत्र १०,००० चौरस हात. दीडशे आणि पन्नास हातांचा आयत असेल तर ७,५००. भास्कराचार्य याच्याही पुढे जातात. चारही बाजू ठाऊक असल्या तरी चौकोनाचे क्षेत्रफळ निश्चित होत नाही, असे ते बजावतात. लंब किंवा कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, आणि ते सांगू पाहणाऱ्यालाही, त्यांनी पिशाच म्हटले आहे! त्यांच्या उदाहरणात चारही बाजू २५ असलेली तीन क्षेत्रे येतात. चौरसाचे फळ ६२५, तीस व चाळीस कर्णांच्या चौकोनाचे ६००, आणि चौदा व अठ्ठेचाळीस कर्णांच्या चौकोनाचे अवघे ३३६. चारही बांध आपापल्या लांबीचे राहिले आणि केवळ कोन मोडला, तर जवळजवळ निम्मी भूमी नाहीशी होऊ शकते. दानपत्रातील चतुःसीमा भूमी कोठे आहे ते सांगतात. ती किती आहे हे कर्णाशिवाय कळत नाही.

घनफळाचा प्रश्न धान्य आणि जलाशय यांच्या संदर्भात येई. वर बारा हात लांब व दहा हात रुंद, तळाशी त्याच्या निम्मी आणि सात हात खोल, अशा वापीचे घनफळ लीलावतीत विचारले आहे. मुखाचे क्षेत्र १२०, तळाचे ३०, आणि मुख व तळ यांच्या बाजूंच्या बेरजांचे क्षेत्र १८ गुणिले १५, म्हणजे २७०. तिन्हींची बेरीज ४२०. तिला सहाने भागून खोलीने गुणले की ४९० घनहस्त. जमिनीवर ओतलेल्या धान्यराशीचेही गणित तेथे आहे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दशांशाइतकी धरून, परिघाच्या षष्ठांशाच्या वर्गाला उंचीने गुणावयाचे. साठ हात परिघाची रास ६०० घनहस्त भरते. राशीभोवती केवळ एक दोरी फिरविली की खळ्यावरच देवाचा वाटा ठरविता येई.

वक्र पृष्ठांचे गणितही देवालयाला परके नाही. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, असा भास्कराचार्यांचा नियम आहे. म्हणून चौदा हात व्यासाच्या अर्धगोल घुमटाचा गिलावा ३०८ चौरस हात भरतो. व्यास दुप्पट केला तर गिलावा चौपट लागतो. जीर्णोद्धाराचा अंदाज करताना पुष्कळदा दुप्पटच खर्च धरला जातो, आणि काम अर्ध्यावर येऊन थांबते.

गणित शिकविणाऱ्या संस्थांनाही मापाची काळजी वाहावी लागे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात, चाळीसगावनजीक पाटण येथे, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. इ. स. १२०७ च्या सुमारास निकुंभ सोइदेवाने त्यास दान दिले. तेथील शिलालेखाचा मराठी भाग प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाला नेमून देतो, आणि जे मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे, असे स्पष्ट लिहितो. त्याच दशकात, १२०४ मध्ये, वेणुग्राम म्हणजे बेळगाव येथे रट्ट राजा चौथा कार्तवीर्य जिनालयाला दाने देत होता. दात्यांचे संप्रदाय निराळे, राजवटी निराळ्या. पण दानाचे रक्षण मापानेच होणार, ही जाणीव एकच.

इंग्रजी अमलात या मापांना नवे रूप आले. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू झालेली पैमाश गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने पुढे बेळगाव-धारवाडकडे आली. तिची साखळी तेहतीस फुटांची आणि सोळा आण्यांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. वेड्यावाकड्या शेतातून एक मुख्य रेषा काढून तिच्यावर दोन्ही बाजूंनी शंकूच्या साहाय्याने लंब टाकावयाचे आणि त्रिकोण व समलंब चौकोन करून बेरीज घ्यावयाची, अशी शंकू-साखळीची रीत. भास्कराचार्यांनी मागितलेला लंब येथे सरकारी मोजणीत प्रत्यक्ष उतरला.

याच काळात दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या अकराव्या अधिनियमाने तिला कायद्याचे रूप मिळाले. परंपरेने उपभोगलेली इनामे आता कागदाने सिद्ध करावी लागली. ज्यांच्या सनदेत माप स्पष्ट होते त्यांची बाजू भक्कम राहिली. ज्यांच्यापाशी केवळ वहिवाट होती त्यांना उत्तर देणे कठीण गेले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमा बदलली, उताऱ्याची लिपी बदलली. एकर आणि गुंठा मात्र निपाणीत, बेळगावात आणि पलीकडे कागल-गडहिंग्लजमध्ये एकच राहिले. तेहतीस फुटांची साखळी कोणत्याही भाषेत तेहतीस फुटांचीच असते.

पंधराशे वर्षांपूर्वीच्या हलशीच्या पटाने 'राजमानाने' हा एक शब्द जपला. त्या मापाची लांबीही शेजारी कोरलेली असती, तर ती ३३ निवर्तने आज गुंठ्यापर्यंत सांगता आली असती. देवस्थानाच्या प्रत्येक मिळकतीच्या कागदावर बाजूंबरोबर कर्ण, आकड्याबरोबर मापाचे नाव आणि नोंदीबरोबर नकाशा असावा, ही महाजनांच्या पुढील पिढ्यांसाठी या इतिहासाची शिकवण आहे. देणाऱ्याची श्रद्धा मोजता येत नाही; पण तिने दिलेली भूमी मोजता येते, आणि मोजलेलीच टिकते.