अनोळखी यंत्रावरची परीक्षा

मंडळी, यंत्रापुढे बसून परीक्षा द्यायची ही कल्पना संगणकाबरोबर आली असे नव्या पिढीला वाटते. तसे नाही. टायपिंगची परीक्षा आठवा! तालुक्याच्या गावी एक तरी टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. आमच्या शिंदखेड्याकडचा मॅट्रिक झालेला, पुढे शिकायची ऐपत नसलेला मुलगा आधी तिथे नाव घालायचा. इंग्रजी तीस, मग चाळीस, जमले तर मराठी तीस. म्हणजे मिनिटाला तीस शब्द.

यातली खरी गंमत परीक्षेच्या दिवशी. इन्स्टिट्यूटवाले मशीनच टेम्पोत घालून केंद्रावर नेत! ज्या मशीनवर सराव, त्याच मशीनवर परीक्षा. कोणती कळ अडते, रिबन कुठे सैल पडते, हे पोराच्या बोटांना पाठ असे. सरकारची ती परीक्षा पुढे संगणकावर गेली आणि 2017 साली जुन्या टाइपरायटरवरची शेवटची झाली. मला त्या मशीनचे फारसे दुःख नाही. कडकडाट फार. पण टेम्पोचे मात्र आठवत राहते.

मधल्या काळात गोल आले. शिष्यवृत्तीच्या मुलांना मी मराठी शिकवायचो, पण परीक्षा जवळ आली की निम्मा तास गोल काळे करायला शिकवण्यात जाई. हसू नका. चाळिसावा प्रश्न सोडला आणि एकेचाळिसाव्याचे उत्तर चाळिसाव्या गोलात गेले, की पुढची सगळी रांग एकाने सरकते. हुशार पोरगी नापासासारखी दिसते. त्यावर उपाय स्वस्त होता. कोऱ्या उत्तरपत्रिका सायक्लोस्टाइल करायच्या आणि गिरवून घ्यायच्या.

संगणक असा सायक्लोस्टाइल करता येत नाही, अडचण तिथून सुरू झाली.

शाळेत संगणक आणायचे प्रयत्न जुनेच आहेत. केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प 1984 सालचा. त्यात बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे काही निवडक शाळांना मिळाली. आमच्यापर्यंत काही पोचले नाही. 2004 च्या डिसेंबरात आयसीटीची योजना आली, त्यातून पुढे माध्यमिक शाळांत संगणक कक्ष झाले. पण खानदेशात तेव्हा भारनियमन असे, की तासाला वीज नाही आणि वीज आली तेव्हा तास नाही. पहिल्यांदा माऊस हातात दिला तेव्हा एक पोरगा म्हणाला, "सर, हाई काय शे?" आणि त्याने तो उचलून चक्क पडद्यावर टेकवला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. बाण पडद्यावर आहे तर हात तिथेच जाणार ना!

खेड्यापाड्यांत हाताला माऊसची सवय खऱ्या अर्थाने लावली ती एमएस-सीआयटीने. एमकेसीएल 2001 साली स्थापन झाले, त्याचा हा अभ्यासक्रम. त्याची परीक्षाही संगणकावरच. नोकरीसाठी तो सक्तीचा झाला म्हणून लोकांनी नाके मुरडली. आमच्यासारख्या पन्नाशीच्या लोकांना सूट होती, तरी मी केला. ज्या वर्गात शिकायचे तिथल्याच यंत्रांची सवय झालेली, म्हणून ती परीक्षा कुणाला जड गेली नाही.

मग 2019 उजाडले. जानेवारीत जेईई मेन पूर्णपणे संगणकावर गेली, मे महिन्यात राज्याची एमएचटी-सीईटीसुद्धा. म्हणजे बारावीपर्यंत सगळे कागदावर सोडवलेल्या मुलाने आयुष्याचा निकाल लावणारा पेपर परक्या गावातल्या परक्या यंत्रावर द्यायचा. गणित येणे वेगळे आणि गणित पडद्यावर वाचून, मान खाली घालून कागदावर सोडवून, पुन्हा वर बघून योग्य पर्याय टिचकवणे वेगळे. उत्तर निवडले तरी 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबायचे राहिले तर ते गेले. बाजूला रंगीत चौकोन असतात, हिरवा, लाल, जांभळा. ते कोणते काय सांगतात हे आधी माहीत नसेल तर पहिली दहा मिनिटे तिथेच जातात. जेईईत तर आकडेसुद्धा कीबोर्डावर नाही, पडद्यावरच्या कळांवर माऊसने दाबायचे.

एनटीएला ही गोष्ट कळली होती, म्हणून 2018 मध्ये खेड्यांतल्या मुलांसाठी शनिवार-रविवारची मोफत सराव केंद्रे सुरू केली. 2020 च्या मेमध्ये सरावासाठी ॲपही काढले. चांगलेच केले, पण मोबाइलवर बोटाने टिचकवणारा हात माऊसवर अडखळतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. शाळेतल्या संगणक कक्षातच अकरावीपासून दर महिन्याला एक परीक्षा का घेऊ नये? वीज आता पूर्वीसारखी जात नाही. कक्षाला कुलूप मात्र असते. किल्ली कुणाकडे, तर शिपायाकडे, आणि शिपाई रजेवर. असो.

रविवारी सकाळी माझ्याकडे गल्लीतली तीन-चार मुले येतात. जुन्या लॅपटॉपला मी मुद्दाम माऊस जोडून ठेवतो आणि तो बदलत राहतो. एक नातवाचा, एक शेजाऱ्यांकडून मागून आणलेला, एक उजवे बटण अडणारा. सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची सराव परीक्षा उघडून देतो. गणिते काही मला येत नाहीत, ती मुले आपसांत बघतात. मी घड्याळ लावून ओट्यावर बसतो.