डागडुजीचा इतिहास

मराठी आरमाराचा इतिहास आपण सहसा बांधणीचा आणि लढायांचा इतिहास म्हणून वाचतो. शिवकाळातील उभारणी, कान्होजी आंग्र्यांचा दरारा, आणि पुण्याच्या पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केल्यावर फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी जळालेले आंग्र्यांचे आरमार, या तीन चित्रांत तो बहुधा संपतो. या चित्रांत डागडुजी करणारा सुतार कोठेही दिसत नाही.

वास्तविक लाकडी जहाज एकदा बांधून संपत नाही. खारे पाणी, ऊन आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याला सतत झिजवीत असतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायची, तळ खरवडायचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर चुना, तेल किंवा राळ यांचा लेप द्यायचा, ही पश्चिम किनाऱ्यावरची जुनी रीत. यात रंगाचे स्थान शेवटचे. तो लाकडाचे रक्षण करतो हे खरे. पण ओल्या फळीवर चढविलेला रंग पाणी आतच कोंडून ठेवतो आणि कूज झाकतो. त्यामुळे लहानशी चीर बुजविण्यासाठीही आधी रंग काढून कोरडे, निकोप लाकूड गाठावे लागते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या, इ. स. १७१५च्या सुमाराच्या, ‘आज्ञापत्रा’तील आरमारविषयक प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. पावसाळ्यात आरमाराची छावणी किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात करावी, दरवर्षी एकाच बंदरावर भार टाकू नये, असे ते सांगते. सागवान परवानगीने तोडावे. आंबा-फणसाची झाडे मात्र रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, तेव्हा जीर्ण झालेले झाड धन्याला राजी करून, मोबदला देऊनच घ्यावे, असा त्याचा दंडक आहे. हा उतारा आपण पर्यावरणाचा आद्य विचार म्हणून वर्गात शिकवितो. तो तसा आहेच. पण फळी बदलण्याची गरज वर्षानुवर्षे पडणार, हे ओळखणाऱ्या कारभाऱ्याची दूरदृष्टीही त्यात आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीवर, गिर्ये येथे असलेली मराठ्यांची गोदी याच गरजेची साक्ष देते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. अशा कागदांत आपण प्रथम मोहिमा आणि मुत्सद्देगिरी शोधतो. खिळे, तेल, राळ यांच्या नोंदी आपल्याला रुक्ष वाटतात. परंतु सत्ता टिकते ती अशाच रुक्ष, दरसाल पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामांवर. ज्या सुतारांनी हे काम केले, त्यांनी बखरी लिहिल्या नाहीत आणि बखरकारांनी त्यांची नावे घेतली नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने राजनीतीचा ग्रंथ वाचताना त्यातील रंगाखालची फळीही पाहावी, ती याचसाठी.