करवतीवरून गावोगाव गेलेला रोग

डाळिंबाचा बहार धरायची वेळ आली की छाटणीच्या टोळ्या गावात दिसू लागतात. तेव्हा मला दरवर्षी परदेशातल्या रस्त्याकडेच्या झाडांची एक हकिकत आठवते. झाड आपल्याकडचं नाही, पण त्याचा रोग आपल्या डाळिंबाच्या मर रोगाचा चुलतभाऊ आहे. म्हणून आज फवारणीचं वेळापत्रक बाजूला ठेवून थोडा इतिहास.

काश्मीरचा चिनार तुम्ही फोटोत तरी पाहिला असेल. चिनार आणि त्याचा अमेरिकन भाऊबंद यांच्या संकरातून लंडन प्लेन नावाचं झाड तयार झालं. धूर, काजळी, घट्ट दाबलेली माती, सगळं सोसणारं. त्यामुळं युरोप-अमेरिकेतल्या शहरांनी रस्त्याच्या दोन्ही अंगांना याच झाडाच्या रांगा लावल्या. मैलोन्‌मैल एकच जात.

१९३० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि आसपासच्या गावांत ही झाडं वाळायला लागली. आधी पानं बारीक आणि विरळ व्हायची, मग खोडावर लांबट, खचलेला पट्टा दिसायचा. तिथं कापलं की आतल्या लाकडात निळसर-काळा डाग. काही वर्षांत झाड खलास, आणि रांगेतलं पुढचं झाड आजारी.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले शास्त्रज्ञ जे. एम. वॉल्टर यांनी या रोगाचा पिच्छा पुरवला आणि १९४६ साली त्यावर पुस्तिका काढली. बुरशी जखमेतून आत शिरते, हे त्यांनी दाखवलं. मग जखमा करत कोण होतं? झाडांची निगा राखणारीच माणसं! रोगट फांदी कापलेल्या करवतीला भुसा चिकटायचा, तीच करवत पुढच्या झाडाला लागायची. त्याहून वाईट म्हणजे कापलेल्या जागेवर संरक्षण म्हणून जो डांबरी लेप लावायचे, त्यातही बुरशी जिवंत राहायची आणि ब्रशबरोबर झाडोझाड फिरायची.

यावर औषध सापडलं नाही. सापडली ती शिस्त. हत्यारं निर्जंतुक करायची, छाटणी कडक थंडीतच करायची, गरज नसेल तिथं झाडाला हात लावायचा नाही, रोगट झाड काढून टाकायचं. एवढ्यावर तिथल्या शहरांत रोग आटोक्यात आला.

पण तोवर तो जहाजात चढला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन सैन्याचं सामान ज्या लाकडी पेट्यांतून आलं, त्यांतल्या काही रोगट प्लेनच्या फळ्यांच्या होत्या, असं मानलं जातं. इटलीत नेपल्स आणि फ्रान्समध्ये मार्सेय, या बंदरांच्या भागात रोग रुजला. पुढची साठ वर्षं तो सावकाश सरकत राहिला.

२००६ साली तो दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्यावर सापडला. सतराव्या शतकात खोदलेला हा साधारण २४० किलोमीटरचा कालवा आता जागतिक वारसा आहे. त्याच्या काठावर सुमारे ४२ हजार प्लेन उभे होते. जवळजवळ लावलेल्या झाडांची मुळं जमिनीत एकमेकांना जुळतात, त्यातून बुरशी शेजारी जाते. काठाला टेकणाऱ्या बोटी मुळं खरवडतात, आणि तुकडे, भुसा पाण्याबरोबर पुढं जातो. रोगट झाडाबरोबर आजूबाजूची हिरवीगार झाडंही तोडावी लागली, बुंधे उपटले, लाकूड जाळलं. निम्म्याहून जास्त झाडं आजवर गेली. लोक रडले, भांडले, पण दुसरा इलाज नव्हता. नवी लागवड करताना मात्र त्यांनी एकाच जातीवर भिस्त ठेवली नाही.

ग्रीसमध्ये २००३ साली हाच रोग रानातल्या चिनारांत सापडला. तिथं तो पसरवण्यात माती उकरणाऱ्या यंत्रांचा मोठा हात होता. जेसीबी एका बागेतून दुसऱ्या बागेत नेताना बकेट कोण धुतं आपल्याकडं?

आता घरचं बघू. आपल्या डाळिंबाच्या मर रोगाचं मोठं कारण म्हणजे सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी. प्लेनवरची बुरशी २००५ पर्यंत याच जातीचा एक प्रकार मानली जायची, नंतर तिला वेगळं नाव मिळालं. कर्नाटकातल्या विजापूर भागात १९९० च्या सुमारास डाळिंब असं मरताना दिसलं, आणि नक्की बुरशी कोणती हे कळायला पाच-सहा वर्षं गेली. तोवर तिकडून रोपं आणि माती फिरतच होती.

डाळिंबात रोगाचे मोठे रस्ते म्हणजे रोगट गुटी कलमं, माती, वाहतं पाणी, सूत्रकृमींनी केलेल्या मुळांच्या जखमा आणि खोडाला भोकं पाडणारा शॉट होल बोरर. हत्यारं हा त्यातलाच एक रस्ता. पण बाकीच्यांपेक्षा हा बंद करणं सगळ्यात स्वस्त आहे.

मी स्वतः एकदा मेलेलं झाड मुळासकट उपटून ट्रॅक्टरनं ओळीतून फरफटत बांधावर नेलं होतं. पुढच्या वर्षी त्याच ओळीतली चार झाडं गेली. त्यामुळंच गेली असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ती चूक मी परत केली नाही. आता झाड जाग्यावरच तोडून, मुळ्या गोळा करून तिथंच जाळतो, आणि शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या झाडांनाही आळवणी करतो. फळावर आलेल्या झाडाच्या शेजारी खड्डा बघताना पोटात कालवतं, हे खरं आहे.

तर टोळी बागेत शिरायच्या आधी मुकादमाशी बोला. काल कुठल्या बागेत होता, तिथं मर होती का, हे विचारा. बांधावर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाची बादली ठेवा आणि प्रत्येक झाडानंतर कात्री बुडवायला लावा. आजारी झाडं शेवटी छाटा. वेळ जातो म्हणून मुकादम कुरकुर करील. दिवसाची मजुरी थोडी वाढवून द्या, पण बादली हलवू देऊ नका.