कनिष्क विमान आणि पाच वर्षांची शिक्षा

न्यायाधीश मवाळ झाले, गुन्हेगारांचे लाड होऊ लागले आणि वृत्तपत्रे खरे ते छापीत नाहीत, ही तक्रार आपल्या गावच्या चहाच्या दुकानात आम्ही पुष्कळ वेळा ऐकली आहे. कॅनडात ती गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि ती करण्यात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे लोक पुढे असतात. विलायतेतल्या याच नावाच्या पक्षाला आपली जुनी वृत्तपत्रे हुजूर पक्ष म्हणत. आम्ही पडलो युनियनवाले. हुजूर पक्षाचे बोलणे सुरू झाले की आमचे कान आपोआप मिटतात. पण सवयीने मिटलेले कान ही काही विचारसरणी नव्हे, म्हणून आम्ही या तक्रारीतले एक प्रकरण मुळापासून वाचून काढले. ते आज श्रोत्यांपुढे ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. कॅनडात शेवटची फाशी ११ डिसेंबर १९६२ रोजी टोरांटोच्या डॉन तुरुंगात झाली. १९७६ साली पार्लमेंटने खुनाबद्दलची फाशी रद्द केली, तीही निसटत्या बहुमताने. ती परत आणावी असा प्रस्ताव १९८७ साली आला, तो १२७ विरुद्ध १४८ मतांनी पडला. त्या वेळी राज्य कॉन्झर्व्हेटिव्हांचेच होते, आणि पंतप्रधान ब्रायन मल्रोनी स्वतः फाशीच्या विरुद्ध होते. कठोर शिक्षेची मागणी मात्र थांबली नाही. २०१२ साली स्टीफन हार्पर यांच्या सरकारने अनेक गुन्ह्यांना किमान शिक्षा बांधून दिल्या, व पुढे सुप्रीम कोर्टाने त्यांतील काही घटनाबाह्य ठरविल्या. असे झाले की न्यायाधीशांच्या मवाळपणावर पुन्हा अग्रलेख येतात. दुसऱ्या बाजूला स्टीव्हन ट्रस्कॉटचे उदाहरण आहे. १९५९ साली चौदा वर्षांच्या या मुलाला फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती जन्मठेपेवर आली म्हणून तो वाचला, आणि २००७ साली अपील कोर्टाने त्याला निर्दोष ठरविले. घाई करणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

आता कनिष्काकडे येऊ. एअर इंडियाचे ‘सम्राट कनिष्क’ हे विमान मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला आणि पुढे मुंबईला यायचे होते. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, ३१,००० फूट उंचीवर, ते बाँबने फुटले. ३२९ माणसे गेली, त्यांत २६८ कॅनडाचे नागरिक होते. त्याआधी तासाभरापेक्षाही कमी वेळ जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी बॅग फुटली होती. व्हँकूव्हरहून आलेली ती बॅग एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढायची होती. तिथे सामान हलविणारे दोन कामगार जागच्या जागी ठार झाले व चार जखमी झाले. या दोघांचा पंजाबशी, दिल्लीशी, ओटावाशी काही संबंध नव्हता. पाळीवर आले होते, बॅगा उचलीत होते. आमच्या माणसांत आम्ही त्यांना मोजतो, म्हणून त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही.

एवढ्या माणसांच्या मृत्यूबद्दल शिक्षा किती झाली? डंकन गावचा वीजतंत्री इंद्रजितसिंग रेयात याला नारिताच्या स्फोटाबद्दल १९९१ साली सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षे मिळाली. कनिष्काबद्दल २००३ साली त्याने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, त्याची पाच वर्षे. उरलेले दोन आरोपी १६ मार्च २००५ रोजी निर्दोष सुटले. पुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल रेयातला २०११ साली नऊ वर्षे झाली. बाँबसाठी पाच आणि खोटे बोलण्यासाठी नऊ! हे आकडे प्रथम वाचले तेव्हा हुजूर पक्षवाल्यांची चीड आम्हांलाही आली.

पण मग आम्ही विचारले की ती पाच वर्षे आली कोठून? १९८४ साली कॅनडात नवी गुप्तवार्ता संस्था निघाली होती. तिची माणसे तलविंदरसिंग परमार याच्या मागावर होती. याच परमारला पुढे चौकशी आयोगाने कटाचा सूत्रधार मानले. स्फोटाच्या तीन आठवडे आधी, ४ जून रोजी, त्यांनी परमार आणि रेयात यांना डंकनजवळच्या रानात जाताना पाहिले आणि मोठा आवाज ऐकला. बंदुकीचा बार असेल असे समजून ते परतले. परमारच्या टेलिफोनवरील संभाषणाच्या फिती त्यांच्याजवळ होत्या. त्यांतल्या बहुतेक फिती, विमान पडल्यानंतरसुद्धा, दफ्तरी शिरस्त्याप्रमाणे पुसल्या गेल्या. खटला चालविणारे न्यायमूर्ती जोसेफसन यांनी हा निष्काळजीपणा खपवून घेण्याजोगा नाही असे स्पष्ट म्हटले. साक्षीदारांवर त्यांचा विश्वास बसला नाही आणि मूळ आवाज कोर्टापुढे येऊ शकले नाहीत. परमार १९९२ साली पंजाबात पोलिसांच्या हातून मारला गेला होता. उरले काय, तर रेयातशी तडजोड.

इथे आमची एक जुनी गोष्ट सांगावी लागते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात बॉयलरपाशी एक फायरमन भाजून मेला. खटला झाला, मालकावर नाममात्र दंड बसला. आम्ही गेटसभा घेतली आणि मॅजिस्ट्रेट मालकाच्या खिशात आहे असे छातीठोक सांगितले. टाळ्याही भरपूर पडल्या. सभेनंतर एका म्हाताऱ्या वकिलाने आम्हांला बाजूला घेऊन एवढेच विचारले, “बॉयलरच्या देखभालीची वही कोर्टात होती का?” नव्हती. अपघाताच्या संध्याकाळी ती मुकादमाच्या कपाटात आम्ही स्वतः पाहिली होती. ती त्याच वेळी पंचांसमक्ष ताब्यात घ्यायला लावण्याचे आम्हांला सुचले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. फायरमनच्या बायकोला हे सांगायचे धैर्य आम्हांला फार उशिरा झाले.

आता वृत्तपत्रांचा प्रश्न. कॅनडाची वृत्तपत्रे एका बाजूला झुकलेली आहेत, हा आरोप कनिष्काच्या बाबतीत आम्हांला वेगळ्याच अर्थाने खरा वाटतो. मेलेली बहुतेक माणसे कॅनडाची, पण नावे भारतीय. त्यामुळे तिथल्या वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी हे दुःख परक्या देशाचे धरले. क्लार्क ब्लेझ आणि भारती मुखर्जी या दांपत्याने १९८७ सालच्या आपल्या पुस्तकात हेच गाऱ्हाणे मांडले आहे. मल्रोनी यांनी सांत्वनाचा टेलिफोन केला तो दिल्लीला, राजीव गांधींना. ते कॉन्झर्व्हेटिव्ह होते हे आम्ही मुद्दाम सांगतो. न्यायासाठी हे बरोबरीने सांगितले पाहिजे की चौकशी आयोग नेमला तो २००६ साली हार्पर यांच्याच सरकारने, आणि २३ जून २०१० रोजी मृतांच्या नातेवाइकांची देशाच्या वतीने क्षमा मागितली ती हार्पर यांनीच. मुंबईच्या एअर इंडिया कचेरीने १ जून १९८५ रोजी तारेने इशारा दिला होता की सामानात वेळ लावलेले स्फोटक येऊ शकते. तो इशारा कॅनडाच्या पोलिसांपर्यंत पोचला, पण गुप्तवार्ता संस्थेला कळविलाच गेला नाही, हे आयोगामुळेच उजेडात आले. २२ जूनला टोरांटोत सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र बंद पडले आणि पुढच्या बॅगा हातातल्या छोट्या यंत्राने तपासल्या गेल्या, हेही त्या अहवालात आहे.

सगळीच वृत्तपत्रे गप्प होती असे नव्हे. व्हँकूव्हरजवळच्या सरे गावी तारासिंग हेयर ‘इंडो-कॅनेडियन टाइम्स’ हे पंजाबी वृत्तपत्र काढीत. अतिरेक्यांविरुद्ध ते उघड लिहीत. १९८८ साली कचेरीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हापासून त्यांची चाकांची खुर्ची सुटली नाही. अंक निघतच राहिला. कटासंबंधी आपण कानांनी ऐकलेली एक कबुली त्यांनी १९९५ साली पोलिसांना लिहून दिली. १८ नोव्हेंबर १९९८ रोजी, मोटारीतून खुर्चीत उतरत असता, घराच्या गॅरेजमध्ये त्यांचा खून झाला. साक्षीदारच उरला नाही, म्हणून त्यांची लेखी जबानी खटल्यात वापरता आली नाही. रेयात २०१६ साली तुरुंगातून बाहेर पडला. हेयर यांच्या खुनाबद्दल कोणत्याही न्यायाधीशाला, कडक किंवा मवाळ, शिक्षा सुनावण्याची वेळच आलेली नाही.