आंकड्यांच्या नादीं लागलेलें गिरणगांव

द्यूत म्हटलें कीं धर्मराजाची आठवण होते, आणि जुगार हा मनुष्याच्या स्वभावांतला दोष ठरवून विषय मिटविला जातो. मुंबईच्या जुगाराचा इतिहास पाहतां मात्र स्वभावापेक्षां पगाराचा दिवस आणि सावकाराचें व्याज यांचाच त्यांत अधिक भाग दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरांत पावसावरील सट्टा जोरांत होता. छपराच्या पन्हळींतून पाणी वाहील कीं नाहीं, यावर पैसे लागत. 1887 मध्यें जुगारबंदीचा कायदा झाला. पण पावसाची पैज त्याच्या शब्दांत बसत नाहीं, असें हायकोर्टानें ठरविलें आणि 1890 मध्यें कायदा दुरुस्त करावा लागला. घोड्यांच्या शर्यतींना मात्र 1912 च्या कायद्यानें परवाना मिळाला. महालक्ष्मीच्या मैदानावर जी करमणूक, तीच चाळीच्या जिन्याखालीं गुन्हा!

या चाळींतला गिरणीकामगार बहुधा कोंकणांतून किंवा घाटावरून एकटाच आलेला असे. 1921 च्या खानेसुमारींत मुंबईंतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरली. बायकामुलें गांवीं, आणि महिन्याचा पगार पुढचा महिना बराच उलटल्यावर हातीं पडे. तोंवर वाण्याची उधारी आणि पठाणाचें कर्ज. रुपयास दरमहा एक आणा व्याज म्हणजे सालीना शेंकडा 75! चार आणे शिल्लक टाकून असें कर्ज फिटत नाहीं. पण तेच चार आणे आंकड्यावर लावले आणि आंकडा लागला, तर सव्वादोन रुपये मिळत. एकरकमी पैसा हातीं येण्याची दुसरी वाट त्याला दिसत नव्हती. त्याला मूर्ख म्हणणें सोपें आहे.

हा आंकडा प्रथम न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतून येई. तेथील उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईंत पैजा लागत. दिवसभर ज्या कापसाचें सूत काढावयाचें, त्याच्याच भावावर रात्रीं पैसे लावावयाचे! ते भाव येणें बंद झाल्यावर 1962 मध्यें कल्याणजी भगत यांनीं वरळीस आणि 1964 मध्यें रतन खत्री यांनीं आपापला मटका सुरू केला. तीन पानें काढून त्यांची बेरीज करावयाची आणि तिचा शेवटचा आंकडा धरावयाचा. एकदां ‘ओपन’, एकदां ‘क्लोज’. आंकडे दहा, पण लागल्यास मिळे नऊपट. दहांतला एक भाग सरासरीनें चालविणाऱ्याकडेच राही. खेळणाऱ्याला मात्र साक्षरता लागत नसे, कीं तिकिटाचे पैसे. 1969 मध्यें महाराष्ट्र शासनानेंही आपली लॉटरी काढली. मटका मात्र गुन्हाच राहिला.

18 जानेवारी 1982 रोजीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. पगार थांबला, तसे गिरणगांवांतले अड्डेही थंडावत गेले. कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हां वाजले नाहींत. ज्यांना पुन्हां काम मिळालें नाहीं, त्यांतले पुष्कळ जण कर्जासह गांवीं परतले.