गाईड माटुंग्याला

डोंबिवलीत पीएच.डी. झालेल्या इंजिनिअरिंगच्या मास्तरांची पाटी पूर्वी क्वचितच दिसे. आता आमच्या गल्लीतच दोन आहेत, त्यातली एक माझी. हे विद्येचं प्रेम अचानक उफाळून आल्यामुळे झालं असं कोणी म्हटलं तर मला हसू येईल.

आमच्या आधीच्या पिढीला संगणकात डॉक्टरेट करायची तर पवई नाहीतर कुलाबा. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये टिफ्रॅक हा तिथेच बांधलेला संगणक १९६० पासून चालू होता. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मदतीतून मिन्स्क आला. ठाण्यापलीकडच्या माणसाचा या यंत्रांशी संबंध फारसा येत नसे.

चित्र पालटलं ते १९८३ मध्ये. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि पुढच्या काही वर्षांत ऐरोली, डोंबिवली, ठाण्याचा घोडबंदर रोड अशी कॉलेजं उभी राहिली. इमारती लवकर झाल्या, शिकवायला माणसं कुठून आणायची? मेमध्ये बी.ई.चा शेवटचा पेपर दिलेला मुलगा पुढच्या वर्षी लेक्चरर. मीही तशीच फळ्यासमोर उभी राहिले. एम.ई. नंतर झालं, पीएच.डी.चं नावही कोणी काढत नसे.

मग दोन वर्षांत दोन नियम आले. २००९ मध्ये यूजीसीने प्रवेशपरीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं केलं; २०१० मध्ये एआयसीटीईने असोसिएट प्रोफेसरच्या खुर्चीला पीएच.डी.ची अट घातली. चाळिशीच्या बायका ‘पेट’ या प्रवेशपरीक्षेला बसू लागल्या, मुलांची दहावी आणि आपलं कोर्सवर्क एकाच वर्षी.

खरी टंचाई गाईडची होती. आमच्या भागातल्या कॉलेजांत मान्यताप्राप्त गाईड मोजकेच. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत तर प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी अशी मर्यादा ठरली. म्हणजे बढतीसाठी रांग लावणारे आम्ही सगळे, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला थोडी माणसं, तीही दादर-माटुंग्याकडे. माझे सर माटुंग्याचे. फास्ट तिथे थांबत नाही, त्यामुळे फास्टने दादर गाठून मागे यायचं की स्लोने एकेक स्टेशन घेत जायचं, हा प्रश्न मला संशोधनाच्या प्रश्नापेक्षा जास्त वेळा पडला. संध्याकाळी लेक्चरं आटोपून पोचले की सरांचं ठरलेलं वाक्य, “आधी ग्राफ दाखवा, मग बोला.” विषय वायरलेस सेन्सर नेटवर्क, सिम्युलेशन एनएस-टूवर. एक रन रात्रभर चाले, म्हणून कॉलेजच्या लॅबमधलं मशीन चालू ठेवून जायचं आणि शिपाईमामांना सांगायचं, तेवढं बंद करू नका हो! सकाळी आउटपुट फाइल अर्धवट असेल तर समजायचं, वीज गेली होती.

त्या २०१६ च्या नियमांत मला पटलेली एक गोष्ट आहे : सहा वर्षांच्या मुदतीवर स्त्रियांना दोन वर्षं जास्त, शिवाय प्रसूतीसाठी २४० दिवस. माझ्यासारख्यांना ती उशिरा मिळाली, पण माझ्या आताच्या विद्यार्थिनींना उपयोगी पडते. २०२२ मध्ये थीसिसआधी पेपर छापण्याची सक्तीही गेली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा धंदा बसला असेल तर मला वाईट वाटणार नाही.

आता मीच गाईड आहे. बदलापूर आणि टिटवाळ्याहून शनिवारी विद्यार्थी डोंबिवलीला येतात. पोरं पोचली की मी ग्राफ मागते. ती आधी गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती, हे सांगतात.